दार उघडं आहे ते ठीक, पंगतीत शेजारी कोण बसतं ते बोला

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे तेच दोन मुद्दे फिरून फिरून येतात. एक बाजू म्हणते, ख्रिस्ती धर्म सगळ्यांना जवळ करतो म्हणता ना, मग गोव्यात बामण ख्रिस्ती आणि शुद्र ख्रिस्ती वेगळे कसे, तमिळनाडूत दलित ख्रिश्चनांना दफनभूमीत वेगळा कोपरा कसा, म्हणजे तुमची समता हे नुसतं आमिष आहे. दुसरी बाजू, म्हणजे आम्ही ख्रिस्ती लोक, ठासून सांगतो की आमच्यात जातपात नाही, येशूने सगळ्यांसाठी प्राण दिला, आमचं दार सर्वांना उघडं आहे. मग दोन्हीकडून आवाज वाढतो, कोणीतरी आकडे फेकतं, कोणीतरी कायदा पाहिजे म्हणतं, आणि मूळ प्रश्न जिथे होता तिथेच राहतो.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलेली आहे, आणि मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललेला दिसतो. कारण दोघंही दारातच उभे आहेत. किती आत आले, कसे आले, कोणी आणले, एवढंच मोजतायत. माझं म्हणणं असं की सर्व लोकांचं स्वागत ही ख्रिस्ती श्रद्धेची अगदी मूळची गोष्ट आहे, ती सोडली तर बाकी फार काही उरत नाही, पण बायबलमध्ये ती गोष्ट बाहेरच्यांनी बदलण्याची कमी आणि आतल्यांनी बदलण्याची जास्त आहे. आणि त्या स्वागताची परीक्षा दारात होत नाही, जेवणाच्या पंगतीत होते. हे मी आजच्या फॅशनसाठी बोलत नाहीये, पहिल्या पन्नास वर्षांत मंडळी ज्या मुद्द्यावर फुटायला आली होती तो मुद्दाच हा होता.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय दहा वाचा. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात समुद्राकाठी राहतोय, आणि तो उतरलाय कोणाकडे, तर कातडं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. यहुदी समाजात हा धंदा हलका, मेलेल्या जनावराशी रोजचा संबंध, सतत विटाळ, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे पेत्र तोपर्यंत अर्धा रस्ता आलेला होता. दुपारी धाब्यावर प्रार्थनेला गेला, भूक लागली होती, आणि त्याला आकाशातून खाली सोडलेली मोठी चादर दिसली, त्यात सगळे निषिद्ध प्राणी, आणि आवाज आला की मारून खा. पेत्र म्हणाला, नको प्रभू, मी आजवर काही अशुद्ध खाल्लेलं नाही. हे तीनदा झालं. एकदा सांगून पटलं नाही, माणसाच्या हाडात मुरलेली शिवाशिव एकदा सांगून जात नसते. मग त्याला कैसरियाला कर्नेल्याच्या घरी जावं लागलं, आणि हा कर्नेल्य कोण, तर रोमन सैन्यातला शताधिपती, म्हणजे यहुद्यांचा देश ज्यांनी दाबून ठेवला होता त्यांचा अधिकारी. कर्नेल्य आधीच देवाला भिणारा, दानधर्म करणारा होता, त्याला जेवढं शिकायचं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या दिवशी पेत्राला शिकावं लागलं. देव पक्षपात करत नाही हे वाक्य तिथे पेत्राच्या तोंडी येतं, आणि ते तो कर्नेल्याला शिकवत नाहीये, स्वतःला आत्ता कळलं म्हणून बोलतोय.

पुढचा भाग आमच्या प्रवचनांत सहसा येत नाही. पेत्र यरुशलेमला परतल्यावर तिथल्या बंधूंनी त्याच्याशी वाद घातला. कशावरून? परक्या माणसाला बाप्तिस्मा का दिला, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांचा सवाल होता की तू सुंता न झालेल्या लोकांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. म्हणजे देव त्यांना वाचवो, त्याला आमची ना नाही, पण तू त्यांच्या ताटाशेजारी बसायचं कारण काय! हे वाक्य मराठी माणसाने वाचावं आणि मला सांगावं की हे ओळखीचं वाटत नाही.

त्या काळच्या यरुशलेमच्या मंदिराची रचना बघा म्हणजे ही गोष्ट किती मोठी होती ते कळेल. बाहेरच्या मोठ्या अंगणापर्यंत परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, यायची मोकळीक होती, त्यानंतर एक बुटकी भिंत, आणि तिच्यावर ग्रीक भाषेत कोरलेल्या पाट्या, की परक्या माणसाने याच्या आत पाऊल टाकू नये, टाकलं तर येणाऱ्या मरणाला तोच जबाबदार. यातली एक अख्खी पाटी 1871 साली सापडली, ती आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं म्हटलंय, तेव्हा वाचणाऱ्यांच्या डोळ्यापुढे नुसती कल्पना नव्हती, खरीखुरी दगडी भिंत होती. आपल्याकडे चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, देवळाच्या बाहेर. नाशिकला काळाराम मंदिरासाठी 1930 पासून किती वर्षं सत्याग्रह चालला, विठ्ठलाच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. त्यामुळे यहुदी लोक असे होते बघा म्हणून नाकं मुरडायचा अधिकार आपल्याला नाही, हिंदूंनाही नाही आणि ख्रिश्चनांनाही नाही. आणि हेही लक्षात घ्या की पेत्र, प्रेषित पौल, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब सगळे यहुदीच होते, भिंतही त्यांच्याच लोकांची आणि ती ओलांडणारेही त्यांच्यातलेच.

दार उघडणं आणि शेजारी बसणं यातला फरक सगळ्यात स्पष्ट महाडला दिसतो. मुंबई कायदेमंडळात 1923 साली बोले ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 साली आपलं तळं खुलं असल्याचा ठरावही केला. कागदावर दार सताड उघडं होतं. तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं, आणि नंतर मार खावा लागला तो वेगळाच, शिवाय विटाळ झाला म्हणून तळ्याचं शुद्धीकरणही झालं. म्हणून माझा आमच्या लोकांना प्रश्न आहे की आमचं दार उघडं आहे हे जे तुम्ही अभिमानाने सांगता, ते 1924 च्या ठरावासारखं आहे की 1927 च्या ओंजळीसारखं?

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेते, आणि जे खरे आहेत ते खरे म्हणूनच घेते. पहिला मुद्दा जबरदस्तीचा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, 1560 साली बसलं ते मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं, त्याला स्वागत म्हणायची माझी जीभ रेटणार नाही, आणि कोणी त्याचं समर्थन करू लागलं तर मी त्याच्या विरुद्ध उभी राहीन. जिथे नाही म्हणायची सोय नसते तिथे या म्हणण्याला काही अर्थ नसतो. पण गंमत बघा, नाही, गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की ज्यांना त्या सत्तेने आत घेतलं त्यांनाही तिने बरोबरीने बसवलं नाही. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. देशी माणूस म्हणून गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळेना, तेव्हा ते खुष्कीच्या मार्गाने रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली, 1637 साली बिशप झाले, आणि परत आल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आणि गोव्याच्या चर्चने त्यांना मान्यच केलं नाही, त्यांना आदिलशाही मुलखात डिचोलीला राहून काम करावं लागलं. रोमने बिशप केलं, गोव्याने नाही म्हटलं! पुढे 1653 साली त्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध लिहिलं तेव्हा हाक कोणाला दिली, तर गोव्यातल्या ब्राह्मणांना. स्वतःवरचा अन्याय इतका स्पष्ट दिसणाऱ्या माणसालाही आपल्या खालचा गोवेकर दिसला नाही. आणि त्या शतकाच्या शेवटी गोव्यात देशी धर्मगुरूंचा जो संघ उभा राहिला त्याचंही दार ब्राह्मणांपुरतंच होतं. हा दोष नुसत्या गोऱ्यांचा म्हणून झटकता येत नाही तो यामुळे.

दुसरा मुद्दा भाकरीचा. दुष्काळात धान्य मिळालं म्हणून लोक ख्रिस्ती झाले, हे आमच्या जिल्ह्याबद्दल कायम ऐकवलं जातं. 1876 ते 78 चा दुष्काळ, नंतर 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ, या काळात मिशनकडे माणसं आली हे खरं आहे आणि काही पोटासाठी आली हेही खरं आहे, मी ते नाकारणार नाही. पण त्या टीकेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते ती मला मान्य नाही, की महार-मांगाच्या माणसाला पोट होतं, डोकं नव्हतं. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, शाळेच्या ओट्यावर पोराला बसू देत नाहीत, त्याला कोणीतरी घरात घेऊन पाटी-पेन्सिल दिली, नावाने हाक मारली, तर तो त्या माणसाच्या देवाबद्दल विचार करणार नाही का? आणि केला तर तो विचार खोटा आणि ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचाच खरा? मिशनने धान्य दिलं याचा राग येतो त्यांनी हाही राग धरावा की त्या लोकांना मूठभर धान्यासाठी दुसऱ्याचं दार बघायची वेळ कोणी आणली.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो बाहेरून नाही, आमच्या आतून येतो. आमच्यातले जाणते म्हणतात की लोकांना आहेत तसं येऊ द्या, जात ही आपल्या समाजाची चौकट आहे, ती एकदम मोडायला गेलात तर कोणीच येणार नाही. हा युक्तिवाद जुना आहे आणि हुशार लोकांचा आहे. रॉबर्ट दि नोबिली नावाचा इटालियन जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचा धर्मगुरू, 1606 साली मदुराईला आला, संस्कृत-तमिळ शिकला, भगवी वस्त्रं घातली, मांसाहार सोडला, ब्राह्मणांत ब्राह्मणासारखा राहिला, आणि ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवायला 1623 साली पोपची परवानगी मिळाली. मध्य प्रदेशातल्या दामोहला जन्मलेले अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी तर विसाव्या शतकात तत्त्वच मांडलं की माणसांना ख्रिस्ती होताना जात, भाषा, वर्ग यांच्या रेषा ओलांडायला आवडत नाहीत, म्हणून एकेका समाजात वेगळं वेगळं काम करा. आकडे वाढवायचे असतील तर हे चालतं, मी मान्य करते. आणि यातला अर्धा भाग मनापासून पटतोही. माणसाला ख्रिस्ती व्हायला इंग्रजी नाव, कोट-पाटलोण आणि परक्या चालीतली गाणी कशाला पाहिजेत? यरुशलेमच्या सभेने, इसवी सन 50 च्या आसपास, हाच निर्णय दिला की परराष्ट्रीयांना यहुदी व्हायची गरज नाही, सुंतेची अट नाही, मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार एवढं टाळा म्हणजे झालं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला ख्रिस्ती झाल्या आणि तिथल्या सिस्टर्सना सरळ विचारत्या झाल्या की वधस्तंभावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि अभंग, कीर्तन, ओवी सगळं घेऊन मंडळीत आले, आज आम्ही उपासनेत टाळ-तबल्यावर गातो ते त्यांच्यामुळे.

पण अभंग आणि जात एकाच पोत्यात घालू नका. टिळकांच्या अभंगाने शेजारच्या बाकावरच्या माणसाला उठावं लागत नाही. दि नोबिलीच्या पद्धतीत मात्र उठावं लागलं, वरच्या जातींकडे जाणारे धर्मगुरू वेगळे आणि खालच्या जातींकडे जाणारे वेगळे अशी व्यवस्था पुढे तयार झाली. प्रोटेस्टंटही मागे नव्हते, तरंगंबाडी-तंजावरकडच्या मंडळ्यांत जातीप्रमाणे बसायच्या जागा वेगळ्या होत्या आणि काही ठिकाणी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत उपासनेत सगळ्यांनी घ्यायचा, प्याला आधी वरच्यांना मग खालच्यांना, किंवा प्यालाच वेगळा. 1833 साली बिशप डॅनियल विल्सन यांनी लेखी हुकूम काढला की जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा. परिणाम काय, तर पुष्कळ लोक मंडळ्या सोडून उठून गेले. मला विचाराल तर ते नुकसान सोसण्यासारखं होतं, कारण प्याल्याला जात लागली की मग तो कोणाचा प्याला राहतो?

आणि ही सूट कुठे जाऊन पोहोचते हे बघायला साऊथ आफ्रिकेकडे बघा. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनोडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, 1857 साली ठराव केला. ठरावाचा पहिला भाग अगदी सुंदर, की नव्याने विश्वासात आलेल्या काळ्या लोकांना आपल्याच मंडळीत सामावून घेणं शास्त्राला धरून आहे. दुसरा भाग असा की काहींच्या दुर्बळपणामुळे ते जमत नसेल तिथे त्यांच्यासाठी उपासनेची वेगळी जागा असू द्यावी. दुर्बळपणा कोणाचा? गोऱ्यांचा, काळ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला कचरणाऱ्यांचा. 1881 साली त्याचं अख्खं वेगळं चर्च झालं. आणि 1948 साली वंशभेद सरकारी धोरण झालं तेव्हा त्याला शास्त्राचा आधार पुरवायला त्या चर्चमधली विद्वान माणसं तयार होती. नव्वद वर्षांत, दुर्बळांना थोडी सवलत इथपासून कायद्याने वेगळं राहा इथपर्यंत. ती भिंत चुकीची आहे हे श्रद्धेच्या भाषेत लिहून ठेवलं तेही कोणी, तर ज्यांना 1881 ला बाहेर काढलं त्याच चर्चने, बेलहार इथे 1982 साली मसुदा केला आणि 1986 साली तो स्वीकारला. म्हणून मला कोणी प्रॅक्टिकल व्हा म्हणून सांगितलं की मी 1857 सांगते.

बरं, आपल्याकडचं बोलू, कारण नगरमध्ये बसून साऊथ आफ्रिकेला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या पट्ट्यात बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं पूर्वाश्रमीची महार किंवा मातंग, थोडी इतर. जुन्या पिढीत महार ख्रिस्ती आणि मातंग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक सहजासहजी जमायची नाही, आणि आता जमते का तर लग्न ठरवताना बसून बघा. मुलगी नर्स आहे, स्वभावाने चांगली आहे, संडे स्कूल घेते, सगळं छान, आणि मग आवाज खाली करून एक मावशी विचारते, पण मूळचे कोण? आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी समाधान नाही, गावात घर कोणत्या अंगाला होतं तेही पाहिजे. वसईकडे गेलात तर सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, सगळे शेकडो वर्षांचे कॅथलिक, पण लग्नं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच. आपली बोली, आपलं जेवण जपण्यासाठी हे असतं असं म्हणतात, आणि बोली जपावीच, पण बोली जपायला दुसऱ्याची मुलगी नाकारावी लागते हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

याहून जवळचं सांगते. आमच्याच भागातल्या एका मंडळीत एक पारधी कुटुंब उपासनेला यायला लागलं, नवरा-बायको, त्याची म्हातारी आई आणि तीन लेकरं. पहिल्या रविवारी पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, त्यांना पुढे बोलावलं, माइकवरून नावं सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हात उंच करून प्रार्थना झाली, एका ताईने म्हातारीला शाल दिली, फोटो निघाले. त्यानंतर प्रीतिभोजन होतं. वर्गाच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या, पत्रावळ्या मांडलेल्या, ते कुटुंब एका सतरंजीच्या टोकाला बसलं, आणि त्यांच्यापासून पुढची चार-पाच पानं तशीच रिकामी राहिली. कोणी उठ म्हटलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही, नुसती माणसं येत होती आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसत होती, तिथे दाटी झाली तरी तिथेच. वाढपी वाढत आला आणि रिकाम्या पानांवरून पुढे गेला. म्हातारीने सगळं बघितलं, ती काही बोलली नाही, पदराने पत्रावळीवरची धूळ पुसत बसली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाने असंच टोकाला बसवलं होतं, त्यांचीच ही नातवंडं. मला त्या दिवशी पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातला अंत्युखिया शहराचा प्रसंग आठवला. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा तो हळूहळू मागे सरकला. कोणाला हाकलून दिलं नाही त्याने, फक्त सरकला. पौलाने त्याला सगळ्यांच्या देखत तोंडावर सुनावलं, आणि काय सुनावलं, की तुझी चाल सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. मॅनर्स बरोबर नाहीत असं नाही म्हणाला, सुवार्तेलाच धरून नाही म्हणाला. ज्या पेत्राने चादर पाहिली होती, कर्नेल्याच्या घरी जेवला होता, तोच. आतल्या माणसाचं बदलणं एकदाच होऊन संपत नाही, पंगत मांडली की दर वेळी ते नव्याने करावं लागतं.

यावर आमची वडीलधारी मंडळी म्हणतात की हे चार भिंतींच्या आत बोलावं, बाहेर बोललात तर विरोधकांच्या हातात कोलीत मिळतं, आधीच उपासना बंद पाडतायत, गावागावात संशयाने बघतायत. त्यांची भीती खोटी नाही, ज्यांनी अंगावर धावून आलेला जमाव पाहिलाय त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. पण पौलाने अंत्युखियाचं भांडण लिहिलं ते अशा पत्रात की जे गलतियातल्या सगळ्या मंडळ्यांत मोठ्याने वाचलं जाणार होतं. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं हे लपवलेलं नाही, आणि उपाय काय केला, तर सात माणसं निवडली, सातांचीही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्याचकडच्यांच्या हातात वाटपाचं काम दिलं. तेही छळाच्याच दिवसांत, त्या सातांतल्या स्तेफनाला पुढच्याच अध्यायात दगडमार होतो. त्यांना विरोधक नव्हते का? कोलीत द्यायला नको म्हणून त्यांनी हे पान फाडलं असतं तर आज आमच्याकडे काय राहिलं असतं? शिवाय झाकून ठेवल्याने बाहेरच्यांना कळत नाही हा भ्रम आहे. 1938 साली सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना बाबासाहेबांनी दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदाचा विषय काढलाच होता. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलची ओढ बोलून दाखवणारा माणूस आमच्या चर्चकडे बघून काय विचार करत असेल याचा विचार आम्ही किती केला?

आणि झाकण्याची किंमत कोण देतं ते आरक्षणाच्या प्रश्नात उघड दिसतं. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. विरोधक म्हणतात तुमच्यात जात नाही तर सवलत कशाला, आणि ऐकायला हे लॉजिकल वाटतं. पण शीख धर्म जात मानत नाही, बाबासाहेब बौद्ध झाले ते जात टाकायलाच, तरी तिथे कोणी हा प्रश्न विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की धर्म बदलला म्हणून गावचा पाटील तुम्हाला वेगळ्या नजरेने बघायला लागत नाही. अडचण आमच्या उत्तरात आहे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा एक ख्रिस्ती माणूस होता, सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, त्याला दिली नाही कारण तो ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1985 साली कोर्टाने त्याची मागणी फेटाळताना म्हटलं की धर्म बदलल्यावरही ख्रिस्ती समाजात तेच जातीचे हाल तेवढ्याच तीव्रतेने चालू राहतात हे दाखवणारा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही. पुरावा कुठे होता? तिरुचिरापल्लीच्या दफनभूमीत मधोमध भिंत उभी होती, वेगवेगळ्या गल्लीतून जाणाऱ्या मिरवणुका होत्या, लग्नाच्या बैठकी होत्या. पण चर्च व्यासपीठावरून वर्षानुवर्षं आमच्यात जात नाही म्हणत राहिलं तर त्या माणसाच्या बाजूने साक्ष कोणी द्यायची? आमच्या चांगुलपणाच्या गोष्टीने त्याची टपरी गेली, असं मला वाटतं. 2016 साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे लेखी धोरणात कबूल केलं, 2022 साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले, या चांगल्या गोष्टी आहेत आणि खूप उशिरा झालेल्या आहेत. दर्जाच्या याच प्रश्नासाठी त्याच वर्षी नेमलेल्या न्या. बालकृष्णन आयोगापुढे जाऊन बोलताना तरी आमच्या सिनोड, डायोसिस, असोसिएशन सगळ्यांनी आपापल्या मंडळ्यांची खरी परिस्थिती सांगितली पाहिजे, लाज वाटली तरी.

टिळकांनी 1917 साली साताऱ्यात देवाचा दरबार हा भक्तांचा संघ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर, 1900 साली ख्रिस्ती झाल्या, आणि त्याआधी शिवाशिव सोडताना त्यांना स्वतःशी किती भांडावं लागलं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, सोवळ्यातला वेगळा स्वयंपाक सुद्धा. त्यांना कोणी घाई केली नाही, पण त्यांनी स्वतःला सूटही दिली नाही. मला आमच्या मंडळ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे, आणि ती मी आमच्या पंच कमिटीला लेखी दिली आहे. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरचा मूळ समाज हा रकाना काढा. प्रीतिभोजनाला पाळकांनी आणि पंचांनी आपल्या घरच्यांबरोबर न बसता नव्याने आलेल्या कुटुंबांबरोबर बसावं, आणि हे एका रविवारपुरतं नको, कायमचं. पुढच्या निवडणुकीत पारधी कुटुंबातल्या माणसाला कमिटीवर घ्या, अन्नवाटपाचं काम त्याच्याकडे द्या. काही जण मंडळी सोडून जाऊ म्हणतायत. 1833 सालीही गेले होते, तरी विल्सननी हुकूम मागे घेतला नाही.